'बोअर' म्हणजे नेमकं कुठे?

पत्र

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, मुलगी पंधराची. दोघांसाठी पुस्तक घेण्याआधी मी इतर वाचकांची मतं वाचते आणि हल्ली त्यानेच माझी जास्त पंचाईत होते. एकाच पुस्तकाबद्दल कुणी लिहितं, 'प्रत्येक मुलाने वाचायलाच हवं', तर कुणी लिहितं, 'चुकूनही मुलांच्या हाती देऊ नका'. भरभरून कौतुक वाचून आणलेलं पुस्तक मुलगा वीस पानांत मिटतो आणि 'बोअर' म्हणतो. मुलीला विचारलं तर 'ठीक आहे', एवढंच. दोघांनी विचार करून मत मांडायला शिकावं म्हणून मी वही घालून दिली होती. प्रत्येक पुस्तकावर दहा ओळी लिहायच्या. वही बंद पडली आणि मला वाटतं वाचनही कमी झालं. आता मुलगी जी कादंबरी वाचतेय तिच्यातल्या आईला नैराश्याचा आजार आहे, शरीरसंबंधांचेही उल्लेख आहेत, असं एका मतात वाचलं. पुस्तक काढून घेऊ का? विश्वास ठेवायचा तरी कुणाच्या मतावर?
– एक आई

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात मतं पुष्कळ आहेत, पण ज्यांच्यासाठी पुस्तकं आणली त्या दोघांचे मिळून तीनच शब्द आहेत: 'बोअर' आणि 'ठीक आहे'. मी तिथूनच सुरुवात करते, कारण तुम्ही शोधताय ते सगळ्यात भरवशाचं मत त्या तीन शब्दांत आहे. ते अजून उलगडलेलं नाही, इतकंच.

बरीच वर्षं मी मुलांचा एक वाचनगट चालवते. एकदा बारा वर्षांच्या एका मुलाने साहसकथा दुसऱ्याच दिवशी परत आणली. 'बोअर आहे.' पूर्वी मी अशा वेळी 'का रे?' असं विचारायचे आणि मूल खांदे उडवून मोकळं व्हायचं. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, 'कुठे?' त्याने पुस्तक ओढून घेतलं, भराभर पानं उलटली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. तिथे नायकाच्या आजोबांच्या घराचं वर्णन होतं, चांगलं दोन पानं भरून. 'इथे काहीच होत नाही. आणि हा विहिरीत पडणारे हे मला आधीच माहितीय.' कसं माहिती, म्हटल्यावर त्याने पुस्तक मिटून मुखपृष्ठ माझ्यासमोर धरलं. त्यावर विहिरीत दोराला लोंबकळणारा मुलगा. 'मग तो पडेपर्यंत मी काय करू?'

एखाद्या जाणत्या समीक्षकाने सांगावं असं त्याने सांगितलं होतं. मुखपृष्ठाने रहस्य फोडलं होतं, लेखक मात्र ते अजून झाकलेलंच आहे असं समजून सावकाश चालला होता आणि मधल्या मध्ये वाचकाचा धीर सुटला होता. हे सगळं त्या मुलाच्या 'बोअर'मध्ये होतं. ते बाहेर यायला त्याला पानावर बोट ठेवायची संधी हवी होती.

एडन चेम्बर्स या ब्रिटिश लेखकाने आणि शिक्षकाने मुलांशी पुस्तकांबद्दल कसं बोलावं यावर फार मोलाचं काम केलं आहे. 'का' हा प्रश्न टाळा, असं ते सांगतात. तो उलटतपासणीसारखा वाटतो, शिवाय इतका मोठा असतो की एका दमात त्याचं उत्तर देता येत नाही. त्याऐवजी 'सांग ना' म्हणा. त्यांचे मूळ प्रश्न चारच आहेत: काय आवडलं, काय आवडलं नाही, कुठे कोड्यात पडलीस किंवा पडलास, आणि कुठे काही जुळतंय, पुन्हा पुन्हा येतंय असं दिसलं का. यातला तिसरा प्रश्न मला सोन्यासारखा वाटतो. 'मला कळलं नाही' असं म्हणणं मुलांना कमीपणाचं वाटतं. 'बोअर' म्हटलं की दोष पुस्तकावर जातो. तुमच्या मुलाच्या 'बोअर'मागेही असंच काहीतरी असू शकेल. पहिल्याच प्रकरणात नऊ पात्रांची नावं आली असतील, अक्षर बारीक असेल, भाषांतर अडखळत असेल, किंवा गोष्ट भीतिदायक असेल आणि अकराव्या वर्षी ते कबूल करणं जड जात असेल. प्रत्येक वेळी उपाय वेगळा. नावांसाठी पहिली दहा पानं तुम्ही वाचून दाखवा. भीती वाटत असेल तर दिवसा वाचू द्या. भाषांतर वाईट असेल तर पुस्तक खुशाल बाजूला ठेवा.

हो, ठेवू द्या. दानिएल पेनाक हे फ्रान्समधले शिक्षक आणि कादंबरीकार. त्यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क मांडले. त्यातला पहिला न वाचण्याचा, दुसरा पानं गाळण्याचा, तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा. आपण मोठी माणसं हे तिन्ही हक्क रोज वापरतो आणि मुलांना मात्र 'सुरू केलंय तर संपव' म्हणतो. विसाव्या पानावर पुस्तक मिटणारा मुलगा मत देतोच आहे. पुस्तकं आणायची तर ते मत तुमच्या कामाचं आहे.

आता ती वही. तुमचा हेतू चांगला होता, पण दहा ओळींचं मत तुमचा मुलगा लिहीत कुणासाठी होता? तुमच्यासाठी. आणि तुम्ही त्या ओळी कशासाठी वाचणार होतात? त्याने नीट लिहिलंय का ते बघायला. मग मुलं गोष्टीचा सारांश लिहितात, शेवटी 'या पुस्तकातून मला मैत्रीचं महत्त्व कळलं' असं एक वाक्य जोडतात आणि सुटतात. अशी पानं मी ढिगाने वाचली आहेत. त्या मुलाला पुस्तक आवडलं की नाही, हे त्यातल्या एकाही पानावरून सांगता येत नाही.

आमच्या गटात आम्ही वह्या बंद करून चिठ्ठ्या सुरू केल्या. पुस्तक वाचलेल्याने पुढच्या वाचकासाठी एक चिठ्ठी आत ठेवायची, वाटलं तरच. मोठ्यांनी ती तपासायची नाही, शुद्धलेखनही सुधारायचं नाही. बघता बघता भाषा पालटली. एका भूतकथेत चिठ्ठी होती: 'पहिली ३० पानं सोडा. नंतर रात्री एकटे वाचू नका.' दुसऱ्या एका पुस्तकात नऊ वर्षांच्या मुलीने लिहिलं होतं: 'आजी मरते. आधीच सांगून ठेवते.' ती चिठ्ठी काढून टाकावी असं आमच्यातल्या एका पालकांचं म्हणणं पडलं, कारण तिने शेवट फुटतो. आम्ही ती राहू दिली. एका मुलाने ती वाचली आणि पुस्तक मुकाट्याने परत ठेवलं. दोन महिन्यांनी तो आपणहून आला आणि तेच पुस्तक मागून घेऊन गेला. त्या दोन महिन्यांत काय झालं हे मी त्याला विचारलं नाही.

त्या नऊ वर्षांच्या मुलीला आपल्या मताची जबाबदारी कळली होती, कारण पलीकडे खरोखरचा वाचक होता. तुमच्या मुलालाही असा एखादा वाचक मिळवून द्या. चुलत-मामे भावंडं असतील, वर्गातला मित्र असेल. 'तो हे वाचायचं म्हणतोय, काय सांगशील त्याला?' एवढं पुरतं. दोन शब्दांत सांगितलं तरी चालेल.

मुलांच्या मताचं वजन किती असू शकतं याचं एक उदाहरण मला फार प्रिय आहे. १९३६ साली लंडनचे प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांच्याकडे मुलांसाठी लिहिलेल्या एका कादंबरीचं हस्तलिखित आलं. मुलांच्या पुस्तकाची पारख मुलांनीच करावी, असं त्यांचं मत. त्यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला वाचायला दिलं. लेखी अभिप्रायाबद्दल त्याला एक शिलिंग मिळत असे. रेनरने एका छोट्या परिच्छेदात गोष्ट सांगितली, त्यात शुद्धलेखनाची चूकही केली, नकाशे असले तर चित्रांची गरज नाही असं बजावलं आणि पुस्तक चांगलं आहे असा निर्वाळा दिला. १९३७ मध्ये ते छापून आलं. टोल्किन यांचं 'द हॉबिट' ते हेच.

त्या अभिप्रायातली एक गोष्ट खास तुमच्यासाठी. पुस्तक ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आवडेल, असं रेनरने लिहिलं होतं. तो स्वतः दहाचा, म्हणजे स्वतःला त्याने त्यातून अलगद बाहेर काढलं! मुलं अशीच असतात. आपल्यापेक्षा मोठ्या नायकाची गोष्ट त्यांना हवी असते आणि आवडलेलं पुस्तकही 'लहान मुलांचं' म्हणायला ती मागेपुढे पाहत नाहीत. पुस्तकाच्या पाठीवर छापलेला वयोगट हा एक अंदाज असतो. पुस्तक दुकानात कुठल्या फळीवर ठेवायचं यासाठी तो बरा. तुमच्या मुलाला तो ओळखत नाही. तेव्हा 'माझ्या मुलाने सातव्या वर्षीच वाचलं' किंवा 'तेराच्या आत देऊ नका' असली वाक्यं वाचून मनाला लावून घेऊ नका.

मग मोठ्यांच्या मतांचं काय करायचं? ती टाकाऊ आहेत असं मी म्हणणार नाही, मीही वाचते. पण वाचताना एक भेद कटाक्षाने पाळते. 'पुस्तकात काय आहे' हे सांगणारं मत वेगळं आणि 'मुलांना काय द्यावं' हे सांगणारं मत वेगळं. 'सातव्या प्रकरणात कुत्रा मरतो, माझी आठ वर्षांची मुलगी दोन दिवस रडत होती, मग तिने पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं.' या एका वाक्यात मला घटना कळते, मुलीचं वय कळतं, ती रडली हे कळतं आणि तिला पुस्तक हवंसं वाटलं हेही कळतं. माझ्या ओळखीच्या मुलाला ते द्यायचं की नाही हे आता मी ठरवू शकते. याउलट 'अतिशय संस्कारक्षम पुस्तक' यातून मला लिहिणाऱ्याबद्दल थोडंफार कळतं, पुस्तकाबद्दल काहीच नाही. 'आम्ही लहानपणी यावरच वाढलो' हेही तसंच. ते आपल्या बालपणाबद्दलचं प्रेम आहे. ते खरं असतं, पण आजचा अकरा वर्षांचा मुलगा त्या पुस्तकाच्या चाळिसाव्या पानावर टिकेल का, याचं उत्तर त्यात नसतं.

तारे मोजू नका. सगळीकडे साडेतीन-चार तारे मिळालेल्या पुस्तकापेक्षा, काहींनी पाच आणि काहींनी एकच दिलेलं पुस्तक मी आधी उघडते. त्यात लोकांना भिडणारं काहीतरी असतं. तीन तारे देणाऱ्यांचं मत मात्र नक्की वाचावं. त्यांना आवडलेलंही सांगायचं असतं आणि खटकलेलंही. पुस्तक प्रकाशकाकडून भेट मिळालं होतं असा उल्लेख असेल तर तेवढं ध्यानात ठेवावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लिहिणाऱ्याने पुस्तक वाचलंय का, हे ताडून पाहावं.

हे शेवटचं मी उगाच म्हणत नाही. मॉरिस सेंडॅक यांचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' हे चित्रपुस्तक १९६३ साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला कॅल्डेकॉट पदक, म्हणजे अमेरिकेत उत्तम चित्रपुस्तकाला दिला जाणारा मानाचा पुरस्कार, मिळालं. त्यात दंगा करणाऱ्या मॅक्सला आई जेवण न देता झोपायला पाठवते आणि तो मनाने अक्राळविक्राळ प्राण्यांच्या बेटावर जातो. ब्रूनो बेटेलहाइम या तेव्हाच्या नामवंत बालमानसतज्ज्ञांनी १९६९ साली एका महिला मासिकातल्या आपल्या सदरात या पुस्तकावर टीका केली. उपाशी झोपायला पाठवणं म्हणजे आई आपल्याला टाकून देईल ही मुलाची सगळ्यात खोल भीती चाळवणं, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं. आयांनी केलेल्या वर्णनावरून ते बोलत होते. आणि पुस्तकाच्या शेवटी मॅक्स खोलीत परततो तेव्हा जेवण त्याची वाट पाहत असतं, अजून गरम असतं. ज्या भीतीबद्दल तज्ज्ञ बोलत होते तिला पुस्तकाने शेवटच्या पानावर उत्तर दिलं होतं. मूल ते पान उघडतं. वर्णन ऐकणारा तिथपर्यंत पोचत नाही.

म्हणूनच तुमच्या मुलीच्या कादंबरीबद्दल माझं उत्तर स्पष्ट आहे: काढून घेऊ नका. 'आईला नैराश्य आहे, शरीरसंबंधांचे उल्लेख आहेत' ही यादी झाली. लेखिका त्या आईकडे कसं बघते, मुलगी त्या घरात कशी तग धरते, जवळिकीचे प्रसंग कोवळे आहेत की ओरबाडणारे, हे त्या यादीत नाही. ते कळायला पुस्तकच वाचावं लागेल. पंधराव्या वर्षी मुलींच्या कानावर हे विषय आलेलेच असतात, बहुतेक वेळा अर्धवट आणि कुजबुजत. चांगल्या कादंबरीत ते निदान माणसांसकट येतात. कुमारांची पुस्तकं काळोखी असतात ही तक्रारही जुनीच. एस. ई. हिंटन या अमेरिकन लेखिकेने 'द आउटसायडर्स' ही कुमारांसाठीची कादंबरी लिहायला घेतली तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या, म्हणजे तुमच्या मुलीएवढ्याच. आजूबाजूला दिसणाऱ्या मुलांबद्दल, त्यांच्या मारामाऱ्यांबद्दल आणि एकटेपणाबद्दल कुणी लिहीतच नाही, म्हणून त्यांनी स्वतः लिहिलं. १९६७ साली ती कादंबरी छापून आली, त्यानंतर ती शाळांतून काढून टाकण्याचे प्रयत्न कितीदा तरी झाले, आणि मुलं ती अजून वाचतात.

काळजी कधी करायची तेही सांगते. मुलीची झोप उडाली असेल, ती जेवत नसेल, मैत्रिणींपासून तुटत चालली असेल, कशातच मन लागत नसेल, तर लगेच तिच्याशी सरळ बोला आणि डॉक्टरांची मदत घ्या. त्या वेळी तिच्या हातात कुठलं पुस्तक आहे हा प्रश्न मागे राहू द्या. तसं काही नसेल तर तिचं 'ठीक आहे' हे तिच्या खोलीच्या लोटलेल्या दारासारखं समजा. पेनाक यांच्या यादीतला दहावा हक्क आहे गप्प राहण्याचा. वाचलेल्याबद्दल काहीही न बोलण्याचा. पंधराव्या वर्षी तो हक्क फार लागतो.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. माझी भाची तेरा वर्षांची असताना सुट्टीत माझ्याकडे राहायला आली होती. ती वाचत असलेल्या एका कादंबरीबद्दल मी कुठेतरी 'या वयाला योग्य नाही' असं मत वाचलं आणि पुस्तक कपाटात ठेवून दिलं. पुस्तक मी स्वतः उघडलंही नव्हतं. ती काही बोलली नाही. मला वाटलं, विषय संपला. तीन वर्षांनी बोलता बोलता तिने सांगितलं, की तिने ते नंतर मैत्रिणीकडून आणून पांघरुणात वाचून संपवलं होतं. 'त्यात एक जागा होती मावशी, मला तेव्हा तुला विचारायचं होतं. पण तू ते ठेवून दिलं होतंस ना.' मग मी ते पुस्तक वाचलं. ती कुठल्या जागेबद्दल बोलत होती ते माझ्या लगेच लक्षात आलं. त्या प्रश्नाचं उत्तर मी तेराव्या वर्षी तिला सहज देऊ शकले असते. ती रात्र तिने एकटीने काढली, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा तुम्ही एवढंच करा. मुलीला म्हणा, 'तुझं झालं की मला देशील? मलाही वाचायचंय.' ती वाचत असताना मधेच उचलून चाळू नका. तिने दिलं की अथपासून इतिपर्यंत वाचा आणि मग आधी तुमचं मत सांगा, खरंखुरं. 'त्या आईचा मला राग आला, मग स्वतःचाच आला', 'तो मधला भाग मला पटला नाही', 'शेवटाला मला रडू आलं', जे असेल ते. शिकवण नको, प्रश्नही नको. ती त्यावर काही बोलेल किंवा त्या दिवशी नाही बोलणार. तिला तुमचं मत चूक वाटलं तर बहुधा लवकर बोलेल. पंधरा वर्षांच्या मुलींना आईचं चुकलेलं मत दुरुस्त करायला आवडतं, आणि त्या भरात त्या स्वतःचं मत पुरतं सांगून टाकतात.

तिने दिलेल्या पुस्तकात एखाद्या पानाचा कोपरा दुमडलेला असेल तर तो तसाच राहू द्या. ते पान जरा सावकाश वाचा.